रुमालातली कवळी

माझ्याकडे मोडलेल्या कवळ्या येतात त्या बहुतेक वेळा रुमालात गुंडाळून. कधी जुन्या डबीतून, कधी औषधाच्या दुकानातल्या कागदी पाकिटातून, एकदा तर तंबाखूच्या रिकाम्या पुडीतूनही आली होती. पण रुमालच जास्त. आणणारा नातू असतो, मुलगा असतो, नाहीतर कडगाव-पाटगावकडून येणाऱ्या एस.टी.चा ओळखीचा कंडक्टर. "चाचा, दादीचे दात मोडलेत, संध्याकाळच्या गाडीला द्या." मी रुमाल सोडतो, दोन तुकडे एकमेकांना लावून बघतो, जुळतात का ते पाहतो आणि म्हणतो, "चारला ये." गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं.

गारगोटीत माझी दातांची छोटी लॅब आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात अर्ध्या लोकांचा तो गैरसमज आहे आणि मी तो फारसा कधी दूर केला नाही. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्यावरून मी प्लास्टरचा साचा करतो, मेणात दात बसवतो, कवळी शिजवतो, घासून चकाकी आणतो. मोडली तर जोडतो. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं दातांचे डॉक्टर वेगळे नोंदवले आणि कवळ्या बनवणारे-दुरुस्त करणारे कारागीर वेगळे. माझं काम कवळीपाशी संपतं. तोंडात बघणं माझं काम नाही. पण लहान गावात दातांशी संबंध असलेला माणूस म्हणजे 'दातवाला', आणि दातवाल्याला लोक सगळंच विचारतात.

जुम्याची नमाज झाली की मशिदीच्या पायरीवर चप्पल शोधता शोधता प्रश्न सुरू होतात. रमजानमध्ये तर विचारू नका. रोज्यात दाढ काढली तर रोजा तुटतो का? दातात भरलेली सुई चालते का? पेस्ट लावली तर? कवळी घालून वजू होतो का? गुस्ल करताना काढायची का? पुरुषाला सोन्याचा दात चालतो का? आणि हळूच, कानाजवळ येऊन, "या गुलाबी प्लास्टिकमध्ये सुवराचं काही नसतं ना?"

शेवटच्या प्रश्नावर हसू नका. त्यामागे खरा इतिहास आहे. जुन्या काळी ब्रशला डुकराचे केस लावत. नायलॉनचे ब्रश बाजारात आले ते १९३८ मध्ये, आणि आपल्यापर्यंत पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. माझ्या दादानं आयुष्यभर ब्रश हातात धरला नाही, बाभळीची आणि कडुनिंबाची काडीच वापरली, त्याचं कारण हेच. कवळीचं म्हणाल तर ती ॲक्रिलिकची असते. पावडर आणि द्रव मिसळून घट्ट होणारं प्लास्टिक, त्यात कुठल्याही जनावराचं काही नाही. १९३० च्या दशकात हे आलं. त्याआधी तांबूस-काळ्या कडक रबराच्या कवळ्या असत.

रोज्याचं म्हणाल तर १९९७ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं त्यावर ठरावच केला आहे. दात भरणं, दात काढणं, दात साफ करणं, मिसवाक किंवा ब्रश करणं यानं रोजा तुटत नाही, फक्त घशाखाली काही जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडचे बरेच उलेमा रोज्यात पेस्ट वापरणं मकरूह मानतात. ज्यांना ते पाळायचंय त्यांनी सहरी संपायच्या आत ब्रश करून घ्यावा. पण रोजा आहे म्हणून सुजलेला गाल घेऊन पंधरा दिवस ईदची वाट बघत बसायचं, हे कुणीच सांगितलेलं नाही. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलायची सवलत कुराणातच आहे.

कवळी आणि गुस्लचा मसला थोडा बारीक आहे. घाटावरचे आपण बहुतेक हनफी. हनफी मसलकात वजूत चूळ भरणं सुन्नत, पण फर्ज गुस्लात ती फर्ज. म्हणून सहज निघणारी कवळी गुस्लाच्या वेळी काढून चूळ भरावी, असं बहुतेक मौलाना सांगतात. पक्की बसवलेली कॅप किंवा दात असेल तर तो दातच धरला जातो. घाट उतरून कोकणात गेलात तर तिथले मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्यात गुस्लातली चूळही सुन्नत. तिकडच्या पाहुण्यानं काही वेगळं सांगितलं तर भांडत बसू नका. सोन्याच्या दाताबाबत उलेमा अर्फजा या सहाबींचं उदाहरण देतात. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं, चांदीचं बसवलं तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचं नाक बसवून घ्यायला सांगितलं. गरजेसाठी चालतं, मिरवायला नाही, असा त्याचा अर्थ लावतात. तसंही हल्ली सोन्याचा दात कोण बसवतंय? भाव बघा.

मय्यत झालेल्या घरातूनही मला फोन येतात. "गुस्ल देतोय, दादीची कवळी काढायची का ठेवायची?" सहज निघत असेल तर काढा, असं मी मौलानांकडून ऐकलेलं सांगतो. पुढं ती कवळी घरात कुठल्या तरी कपाटात राहते. फेकवत नाही आणि ठेवून करायचंही काही नसतं.

हे झाले मसले. दुसरे प्रश्न आरोग्याचे, तेही ठरलेले. दाढ काढली की नजर जाते का? नाही जात. दाढेची नस आणि डोळ्याची नस वेगळी. गंमत अशी की नजर कमी होण्याचं वय आणि दाढा पडण्याचं वय साधारण एकच, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ घातली. दात साफ करून घेतले की हलायला लागतात का? दातावर साचलेला दगडासारखा थर हिरडीला आणि हाडाला खात असतो, आणि तोच थर हलत्या दाताला टेकू देऊन उभा असतो. थर काढला की दात आधीच किती हलत होता ते कळतं. ठणकणाऱ्या दाढेत डोकेदुखीची गोळी दाबून ठेवायची का? अजिबात नको. ती हिरडी भाजते. पांढरी सोललेली हिरडी घेऊन किती लोक डॉक्टरकडे जातात! आधी दुखणं एक होतं, आता दोन झाली.

कवळी वापरणाऱ्यांनी मात्र एवढं लक्षात ठेवावं. रात्री झोपताना ती काढून साध्या पाण्यात ठेवा. हिरडीलाही श्वास लागतो असं समजा. चोवीस तास झाकलेल्या टाळूवर लालसर बुरशी धरते. उकळतं पाणी टाकू नका, कवळी वाकते आणि मग ती कुणाच्याच तोंडात बसत नाही. पेस्टनं घासू नका, पेस्टमधल्या कणांनी ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. धुताना खाली पाण्यानं भरलेली बादली ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या खालच्या कवळ्या तोंडात मोडलेल्या कमी, मोरीच्या फरशीवर पडून मोडलेल्या जास्त.

आणि फेविक्विक. या एका वस्तूनं मला जेवढा त्रास दिलाय तेवढा कुणी दिला नाही. कवळी मोडली की घरातला कुणीतरी हुशार पोरगा दुकानातून पाच रुपयांची नळी आणतो आणि तुकडे चिकटवतो. तुकडे केसभर जरी सरकून चिकटले तरी कवळी टाळूला टेकत नाही, एका बाजूनं टोचते. चार दिवसांत पुन्हा मोडते. मग ती माझ्याकडे येते तेव्हा मोडलेल्या कडांवर त्या गोंदाचा काचेसारखा थर असतो. तो घासून काढावा लागतो, घासला की कडा जुळत नाहीत. स्वच्छ मोडलेली कवळी जोडणं सोपं. दोन्ही तुकडे मेणानं पक्के करायचे, आत प्लास्टर ओतून साचा घ्यायचा, मग तुकडे काढून कडा तिरक्या घासायच्या, फटीत नवं ॲक्रिलिक भरायचं, दाबाखाली घट्ट होऊ द्यायचं, घासून चकाकी आणायची. अर्ध्या दिवसाचं काम. तुकडा हरवला असेल किंवा दात निसटून गेला असेल तर थोडं जास्त. म्हणून मोडली की सगळे तुकडे, अगदी बारीकसुद्धा, गोळा करून ठेवा आणि गोंद लावू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तिकडे येतो.

वरची कवळी मोडते ती बहुतेक वेळा बरोबर मधोमध, दोन पुढच्या दातांमधून मागे टाळूपर्यंत. खाली पडलेली नसताना, नुसतं भाकरी चावताना. लोक म्हणतात माल हलका होता. कधी असतोही. पण बऱ्याचदा कारण वेगळं असतं. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षी झपाट्यानं आणि पुढं हळूहळू आयुष्यभर. कवळी तेवढीच राहते, तिच्या खालचा जबडा बदलतो. दोन्ही बाजूंनी आधार खचला की कवळी मधल्या टाळूच्या कडक भागावर टेकून डुलायला लागते. प्रत्येक घासाला थोडी वाकते. तार हातानं पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशीच एक दिवस तुटते. म्हणजे एकाच जागी दुसऱ्यांदा मोडलेली कवळी सांगत असते की आतलं तोंड बदललंय. मी ती जोडू शकतो. तोंडाला काय झालंय ते रुमालात बांधून येत नाही.

वेदगंगेच्या पलीकडच्या एका वाडीत माझी एक खाला होती. सख्खी नव्हे, अम्मीची चुलत बहीण, पण लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्याच घरी. वाडीतल्या पोरांना ती कुराण शिकवायची. पन्नास-पंचावन्न वर्षं तिनं शिकवलं असेल. माझाही 'अलिफ-बे' तिच्याकडेच झाला. दात पडल्यावर तिला कवळीची गरज जेवणासाठी कमी आणि हर्फांसाठी जास्त वाटली. 'सा', 'जाल', 'जोय' हे हर्फ जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागल्याशिवाय निघत नाहीत. 'फा'ला खालचा ओठ वरच्या दातांना लागावा लागतो. "दातां नै तो हर्फ गलत निकलते, बच्चे वैसाच सीखते," असं म्हणून तिनं डॉक्टरांना माप दिलं होतं आणि कवळी मीच केली होती. सगळ्यात मन लावून केलेल्या कवळ्यांपैकी ती एक.

सहा वर्षांनी ती मधोमध मोडली. नातवानं रुमालात आणून दिली. मी जोडून दिली, पैसे घेतले नाहीत. आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा मोडली, तिथंच. पुन्हा रुमाल. नातू म्हणाला, "दादी बोली, एक बाजू टोचतंय, जरा घासून द्या." मी ती बाजू घासून दिली. तोंड न बघता, नातवानं बोटानं दाखवलेल्या अंदाजावर. मला ठाऊक होतं की टोचणारी जागा डॉक्टरनंच तोंडात बघून घासायची असते. पण वाडीवरून तिला आणायचं, दवाखान्यात बसवायचं, आणि ती यायला तयार नाही. मला वाटलं, घरचंच माणूस आहे. दोन महिन्यांनी परत निरोप आला, अजून टोचतंय, अजून घासा. मी अजून घासलं.

मग एका लग्नात ती भेटली. ताटात नुसता भात आणि सालन कालवून बसली होती, एका बाजूनं गिळत होती. गालाखाली गाठ दिसत होती. मी विचारलं, किती दिवस झाले? ती म्हणाली, "ते कवळी का जखम है बेटा, तू घिस्या था ना, भर आयेगा." पाच महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आरसा आत घातला आणि माझ्याकडे न बघता कोल्हापूरची चिठ्ठी लिहिली. तुकडा तपासायला काढायचा म्हटल्यावर घरात अर्धा दिवस भांडण झालं, की सुई लावली की कॅन्सर पसरतो. तो पसरत नाही. त्या अर्ध्या दिवसानं काही बिघडलं नसेल, आधीच्या पाच महिन्यांनी बिघडलं होतं. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला. त्यानंतर ती सव्वा वर्ष होती. त्या सव्वा वर्षात तिनं पोरांना शिकवलं नाही.

कवळीनं कॅन्सर झाला असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही म्हटलं नाही. तिच्या तोंडात चाळीस वर्षं मिश्री होती. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून, सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळायची, आणि नंतर कवळीखालीही. माझा दोष एवढाच की मी तिची जखम कवळीच्या नावावर लिहून टाकली आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवून तेच मानलं.

आमच्या भागात मिश्री हा विषय बाईनं बाईशी बोलायचा. पुरुषांचा मावा उघड असतो, पानटपरीवर हातावर मळला जातो, प्लास्टिकच्या कागदात रगडला जातो. राज्यात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ मध्ये. मावा काही कंपनीच्या पुडीत विकत नाहीत, तो समोर बनतो, आणि सुपारी तर कुणी व्यसनात धरतच नाही. तोंड हळूहळू कमी उघडतं, तिखट सोसत नाही, तेव्हा कळतं की सुपारीनं गालाची आतली कातडी चामड्यासारखी केलीय. निपाणीचा तंबाखू आमच्या इतका जवळ की मुदाळ तिट्ट्यावरून गाडी वळली की पोचलोच. तिथल्या बिड्यांच्या पैशावर इकडची किती घरं चालली हे मला माहीत आहे, त्यामुळे मी त्यावर भाषण देत नाही. पण घरातल्या म्हातारीच्या तोंडात काय आहे हे घरातल्या पुरुषाला माहीत नसतं, हे मात्र बोलावं लागेल.

आणि हे नुसतं आपल्यातच आहे असंही नाही. रुमालात कवळी पाठवणाऱ्यांत शेजारच्या मराठा घरांतल्या आज्या तेवढ्याच आहेत. त्यांनाही गारगोटीला यायचं म्हणजे सुनेचा दिवस मोडतो, पोराची मजुरी बुडते. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. परक्या पुरुषापुढे बुरखा वर करून, तोंड वासून खुर्चीत आडवं पडायचं, हे सत्तर वर्षांच्या बाईला नको वाटतं. तिला नको वाटतं म्हणून घरातले पुरुष सुटतात. खरं तर आता दंतवैद्यकाच्या वर्गात मुली भरपूर आहेत, आपल्या मुलीही आहेत. बाई डॉक्टर शोधणं पूर्वीसारखं अवघड नाही. शोधत कुणी नाही, इतकंच.

मला राग येतो तो आपल्या प्रश्नांच्या क्रमाचा. मशिदीच्या पायरीवर मला आजवर शेकडो वेळा विचारलं गेलं असेल की कवळीनं वजू होतो का. 'तोंडातली जखम दोन आठवडे भरली नाही, काय करू?' हा प्रश्न एकदाही नाही. मौलानांनाही कुणी विचारत नाही, म्हणून तेही बोलत नाहीत. मिसवाकची फजिलत सांगणारं बयान मी दरवर्षी ऐकतो. उम्मतीला जड जाईल अशी काळजी नसती तर प्रत्येक नमाजेला मिसवाकचा हुकूम दिला असता, या अर्थाची हदीस लहान पोरांनाही पाठ आहे. अखेरच्या आजारातही पैगंबरांनी मिसवाक केली, हे सांगताना मौलानांचा आवाज भरून येतो आणि माझेही डोळे भरतात. ज्या दीनमध्ये तोंडाच्या स्वच्छतेला एवढी जागा आहे, त्यात मिश्री लावून कुराण शिकवणाऱ्या बाईला कुणी काही म्हणत नाही, आणि तिच्या तोंडात कुणी बघतही नाही.

अभिमान बाळगायला मात्र आपण पुढे. दहाव्या शतकातल्या कुर्तुब्याच्या जहरावींचं नाव व्हॉट्सॲपवर फिरतं. त्यांनी दात खरवडायच्या हत्यारांची चित्रं काढली, हलणारे दात सोन्याच्या तारेनं बांधायला सांगितले, बैलाच्या हाडापासून दात करून बसवायची कृती दिली. सगळं खरं. कलकत्त्याचे डॉ. रफीउद्दीन अहमद तर आपल्याच देशातले आणि गेल्याच शतकातले. अमेरिकेत आयोवाला शिकून आले आणि १९२० मध्ये त्यांनी देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. त्यांना पुढं पद्मभूषण मिळालं. त्यांचं नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे? जहरावी परवडतात, त्यांच्याकडे जावं लागत नाही.

पैशाचंही बोललं पाहिजे. दुरुस्ती काही शेकड्यांत होते, नवी कवळी काही हजारांत जाते, म्हणून म्हातारी माणसं जुनीच पुन्हा पुन्हा जोडून घेतात. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना द्यायच्या वस्तूंमध्ये काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही आहे. हे आमच्या भागात मी सांगितलं की लोक अविश्वासानं बघतात. राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, पासष्टी पार केलेल्या गरजूंच्या खात्यात ३,००० रुपये. त्याच्या जाहीर यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, वॉकर आहे, कमोड खुर्ची आहे, कंबरेचा पट्टा आहे. कवळीचं नाव नाही. तिकडे कर्नाटकात सिद्धरामय्यांच्या पहिल्या सरकारनं 'दंतभाग्य' नावाची योजनाच काढली, गरीब वृद्धांना दंत महाविद्यालयांमार्फत मोफत कवळी. निपाणीच्या आजीला जे मिळू शकतं ते गारगोटीच्या आजीला का नाही, हा प्रश्न आमदारांना विचारण्यासारखा आहे. आपल्या जमातीच्या बैठकीत कब्रस्तानाच्या भिंतीवर दोन तास चर्चा होते, यावर पाच मिनिटं व्हायला हरकत नाही.

मला योजनेत कवळीपेक्षाही तिच्याबरोबर येणारी गोष्ट महत्त्वाची वाटते. कवळी द्यायची तर कुणीतरी तोंड उघडून आत बघावंच लागतं. तोवर, ज्यांना खासगी परवडत नाही त्यांनी दंत महाविद्यालयाचा रस्ता धरावा. आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ लागतो, खेपा होतात, पण खर्च कमी येतो आणि तोंड नीट तपासलं जातं. गारगोटीहून कोल्हापूरच पन्नासेक किलोमीटर, पारगाव त्याच्याही पुढं. म्हातारीला घेऊन तीन-चार खेपा म्हणजे काय ते मला कळतं. जमातीची एक गाडी महिन्यातून एकदा सगळ्यांना मिळून नेऊ शकते. लग्नाच्या वऱ्हाडाला गाड्या मिळतात.

खाला गेल्यावर मी लॅबच्या दारावर एक कागद चिकटवला. मोडलेली कवळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतली जाणार नाही. डॉक्टर मंडळींना वाटलं मी त्यांची सोय केली. गिऱ्हाइकांना वाटलं मी डॉक्टरांशी संगनमत केलं. एकानं तर तोंडावर सांगितलं, "पचास रुपये जास्त घे, पर ये नाटक नको." धंदा कमी झाला. किती ते सांगत नाही, बायको वाचते.

गेल्या आठवड्यात एक पोरगा आला, दहावी-अकरावीतला असेल. रुमाल सोडला. वरची कवळी, मधोमध मोडलेली, कडेला जुन्या दुरुस्तीची रेघ, आणि एका बाजूला कुणीतरी कानस घेऊन घासल्यासारखी. मी विचारलं, "आजीला टोचतंय का?" तो म्हणाला, "असेल, मला काय माहीत." म्हटलं, आजीला घेऊन ये, समोरच्या डॉक्टरांना दाखवू, माझे पैसे नको. तो म्हणाला, आजी घर सोडून कुठं जात नाही. मी रुमाल पुन्हा बांधून त्याच्या हातात दिला. त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि जाता जाता ओरडून म्हणाला, मुरगूडला करून देतात असंच.

पोरगा परत आलेला नाही. गाव विचारायचं राहून गेलं.